मुलांसाठी सोपं कशाला लिहायचं?

1872 साली जपानने देशातल्या शाळांसाठी पहिला सर्वंकष शिक्षण कायदा केला. विषयांच्या यादीत गायन होतं, पण त्यापुढे एक शेरा होता: तूर्त वगळावे. शिकवणार कोण आणि शिकवणार काय? शिक्षक नव्हते, गाण्यांचं पुस्तक नव्हतं. त्यातून पाश्चात्त्य पद्धतीने गायचं, म्हणजे चार गटांनी एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गायच्या आणि त्यांचं मिळून एकच गाणं व्हायचं, हा प्रकार तिथल्या गळ्यांना ठाऊकच नव्हता. सात वर्षांनी सरकारने संगीताचा अभ्यास करायला एक कचेरी उघडली, अमेरिकेहून एक शिक्षक बोलावला, आणि शालेय गाण्यांचं पहिलं पुस्तक निघालं ते 1881 सालचं.

आता त्याच देशातल्या एखाद्या शाळेत आजच्या शरद ऋतूत डोकावा. तास संपलेत, घंटा झाली आहे, आणि संगीताच्या वर्गात तीसेक मुलं-मुली उभी आहेत. वय पंधरा-सोळा. बाईंनी नादकाटा कानाशी धरला, ऐकू येईल न येईल असा एक सूर गुणगुणला, हात वर केला. त्या एकाच सुरावरून प्रत्येकाने आपापला स्वर मनात शोधलेला असतो. हात खाली येतो आणि सात-आठ वेगवेगळे स्वर एकदम सुटतात, काही तर एकमेकांना अगदी खेटून. वाद्य नाही, माइक नाही, हातात कागद नाही. पुढची सहा मिनिटं ही मुलं जे गातात ते समोर ठेवलं तर एखाद्या व्यावसायिक वृंदानेही सुरू करण्याआधी दोनदा घसा खाकरावा.

हे झालं कसं?

आपल्याकडच्या समूहगीत स्पर्धा डोळ्यांसमोर आणू नका. तिथे पन्नास मुलं असली तरी चाल एकच असते, सगळ्यांनी ती एका सुरात, एका तालात म्हणायची. जपानी शाळेत चालीच चार. वरच्या आवाजातल्या मुली एक म्हणतात, खालच्या आवाजातल्या दुसरी, मुलांचे दोन गट आणखी दोन. अवघड रचनेत हे गट पुन्हा फुटतात. अशा वेळी एका ओळीवर चार-पाच मुलंच उरतात. एक जण बेसूर झाला तर लपायला जागा नाही.

गंमत अशी की हा काही मूठभर हुशारांचा छंद नाही. बहुतेक माध्यमिक शाळांत दरवर्षी वर्गावर्गांची गाण्याची स्पर्धा असते. वृंदाचं संचालन वर्गातलाच कुणीतरी करतो, पियानो वर्गातलीच कुणीतरी वाजवते. मुली तळमळीने तालीम घेतात, मुलगे मागे उभे राहून टिवल्याबावल्या करतात आणि मग भांडण होतं. हा प्रसंग तिथल्या शालेय मालिकांत इतक्यांदा आलाय की तो आता ठरलेलाच समजतात. या रुंद पायावर वरचा मजला उभा आहे: शाळा सुटल्यावर चालणारी गायकवृंदांची मंडळं, आणि त्यांच्या देशव्यापी स्पर्धा.

मोठ्या स्पर्धा दोन. एक एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेची, 1932 पासूनची. तिची अंतिम फेरी ऑक्टोबरात टोकियोच्या एनएचके हॉलमध्ये होते. दुसरी अखिल जपान गायकवृंद महासंघाची, 1948 पासूनची. दोन्हींत नियम साधारण सारखा: एक गाणं नेमलेलं, दुसरं तुमच्या पसंतीचं. नेमलेल्या गाण्यात सगळे एकाच मापाने मोजले जातात. पसंतीच्या गाण्यात ज्याने त्याने आपली शिकार आणायची.

इथे पहिल्यांदा थबकायला होतं. एनएचकेच्या स्पर्धेत नेमलेलं गाणं दरवर्षी नवं कोरं लिहून घेतात. प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक म्हणजे हायस्कूल, तिघांना वेगळं. शब्द कवीकडून, संगीत संगीतकाराकडून. हायस्कूलच्या गाण्याच्या तर मिश्र आवाजांसाठी, फक्त मुलींसाठी आणि फक्त मुलग्यांसाठी अशा वेगवेगळ्या आवृत्त्या निघतात. मग होक्काइदोपासून ओकिनावापर्यंतच्या शाळा त्याच वर्षी तेच नवं गाणं बसवायला घेतात. कल्पना करा, आजच्या एखाद्या गंभीर संगीतकाराची ताजी रचना आणि तिचे पहिले गायक देशभरातली शाळकरी मुलं! कुठल्या देशात नव्या संगीताला इतके गळे आपसूक मिळतात? तानिकावा शुंतारो (1931-2024) हे जपानचे बहुधा सर्वांत वाचले गेलेले आधुनिक कवी. त्यांची कविता कित्येक जपानी माणसांना पुस्तकातून नाही, शाळेच्या वृंदात उभं राहून पाठ झाली.

दुसऱ्या स्पर्धेची तऱ्हा और. तिच्याशी आसाही या वृत्तपत्राच्या नावाचा संगीतरचनेचा पुरस्कार जोडलेला आहे. कुणीही रचना पाठवावी, निवडली गेली तर ती पुढे स्पर्धेचं नेमलेलं गाणं होते. या दारातून नोबुनागा ताकातोमी आत आले. जन्म 1971, विद्यापीठात शिकले शिक्षणशास्त्र, नंतर सरकारी नोकरी. संगीत महाविद्यालयाचा शिक्का नाही. 1990च्या दशकात त्यांनी हा पुरस्कार एकदा नाही, अनेकदा पटकावला, आणि आज शाळांमध्ये सर्वाधिक गायल्या जाणाऱ्या संगीतकारांत त्यांचं नाव आहे. फायली बाजूला सारून स्वर मांडणारा माणूस म्हटल्यावर आपल्याला नाही म्हटलं तरी जवळचा वाटतो.

पण लिहून घेतलं म्हणजे गाता आलं असं थोडंच! खरी करामत कानांत आहे. ती समजून घ्यायला एक साधा स्वरमेळ घेऊ: षड्ज आणि शुद्ध गंधार.

षड्ज समजा 440 कंपनांचा आहे. पियानोवर त्याचा गंधार दाबलात तर तो 554.37 कंपनांचा लागतो. पण निसर्गाचा गंधार 550चा आहे, नेमक्या पाचास चार या प्रमाणातला. फरक चार कंपनांचा. एवढ्याशाने काय बिघडतं? तर असं होतं, की प्रत्येक स्वराच्या पोटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक स्वर दडलेले असतात. षड्जाचा पाचवा पोटस्वर 2200वर येतो. 550च्या गंधाराचा चौथा पोटस्वरही बरोबर 2200वर येतो. दोघे एकमेकांत मिसळून जातात. पियानोच्या गंधाराचा चौथा पोटस्वर मात्र 2217च्या आसपास पडतो, आणि ते दोघे सेकंदाला सुमारे 17 वेळा एकमेकांवर आपटतात. कानाला ती खरखर जाणवते. पियानोचे सूर लगेच विरतात म्हणून ती खपून जाते. पण तीस गळ्यांनी दहा सेकंद धरलेल्या स्वरमेळात ती लपत नाही.

आपल्याला हा गंधार परका नाही. मिरजेचा तानपुरा नीट जुळवला की कुणी न छेडता खर्जाच्या तारेतून जो गंधार बोलू लागतो, स्वयंभू गंधार, तो हाच. त्याच पाचव्या पोटस्वराची ती करणी. संवादिनीच्या टेम्पर्ड, म्हणजे पियानोच्याच मापाच्या, गंधाराबद्दल आपल्या गवयांनी काय काय बोलून ठेवलंय ते तुम्हाला माहीत असेलच. जपानच्या हायस्कुलातली मुलगी तेच भांडण रोज संध्याकाळी सोडवत असते: पियानो वाजतोय तोवर गंधार त्याच्याशी जुळवायचा, पियानो थांबला की केसभर खाली आणायचा, तोही आजूबाजूच्या सगळ्यांबरोबर. तालमीत यासाठी यामाहा कंपनीचा 'हार्मनी डायरेक्टर' नावाचा कीबोर्ड वापरतात. बटण बदललं की तोच स्वरमेळ एकदा टेम्पर्ड वाजतो, एकदा शुद्ध. मुलं दोन्ही ऐकतात आणि शुद्ध वाजल्यावर खोली जणू मोठी झाली असं त्यांना वाटतं. नेमका जुळलेला स्वरमेळ खरोखरच मोठा ऐकू येतो. पोटस्वर एकमेकांना खांदा देतात.

आणि इथेच सापळा आहे. प्रत्येक स्वरमेळ असा निसर्गाच्या मापाने शुद्ध करत गेलात, तर काही नेहमीच्या स्वरमालिकांत एक फेरी पूर्ण करून परत येईपर्यंत षड्जच किंचित खाली सरकलेला असतो. कुणी चुकलेलं नसतं! सगळे अचूक गात असतात, आणि तरी घसरगुंडी होते, कारण शुद्ध अंतरांची बेरीज पुरती जुळत नाही. 80 आणि 81 यांच्यात जेवढा फरक तेवढी फट उरते. अशा पाच फेऱ्या झाल्या की पांढरी दोनमध्ये सुरू केलेलं गाणं काळी एकवर येऊन थांबतं. संगीतकारांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून काही खट संगीतकार दोन पानं पियानो गप्प ठेवतात आणि मग एकदम आत आणतात. वृंद घसरला असेल तर त्या एका ठोक्यात सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळतं. ते टाळायचं तर कुठे शुद्ध राहायचं आणि कुठे जाणूनबुजून तडजोड करायची, हे तीस जणांना आधी ठरवून घ्यावं लागतं.

श्वासाचंही तसंच. पंधरा-वीस सेकंदांची अखंड ओळ कुठल्या पोराच्या छातीत मावेल? म्हणून सगळे वेगवेगळ्या क्षणी श्वास घेतात. शेजारची घेत असेल तेव्हा आपण नाही घ्यायचा, आणि परत येताना दाराला आवाज न करता घरात शिरावं तसं ओळीत शिरायचं. परीक्षेतल्या कॉपीला जपानी मुलं जो शब्द वापरतात तोच या चोरट्या श्वासालाही वापरतात.

माध्यमिक शाळेत आणखी एक पेच आहे: मुलग्यांचा आवाज फुटण्याचं वय. तेरा-चौदाव्या वर्षी स्वरतंतू भराभर लांब होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली कोसळतो, आणि मधले काही महिने तर गायला हाताशी जेमतेम पाच-सहा स्वर उरतात. त्यांच्यात अजून ना उंच पुरुषी आवाज ठरलेला, ना खोल. पाश्चात्त्य पद्धतीची चार आवाजांची रचना त्यांना कशी द्यायची? जपानी संगीतकारांनी यावर तोडगा काढला तीन ओळींचा: मुलींच्या दोन आणि सगळ्या मुलग्यांची मिळून एक, तीही अरुंद पट्ट्यात खेळणारी. माध्यमिक शाळांसाठी अशा रचनांचा तिथे भलामोठा साठा आहे. पाच-सहा स्वरांच्या कुंपणात अशी ओळ लिहायची की फुटक्या आवाजाच्या पोराला ती गावीशी वाटेल! मला विचाराल तर आठ आवाजांची भव्य रचना लिहिण्यापेक्षा हे कठीण.

पण भव्य रचनांकडे जायलाच हवं, कारण तिथे मियोशी आकिरा (1933-2013) भेटतात. टोकियो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकलेले, पॅरिसमध्ये संगीत शिकलेले, जपानच्या विसाव्या शतकातल्या संगीतकारांत पहिल्या ओळीतले. त्यांनी 1968 साली ताकादा तोशिको यांच्या कवितांवर मिश्र वृंद आणि पियानोसाठी पाच गाण्यांची एक माला लिहिली. नाव 'पाच बालचित्रं'. गाण्यांचे विषय बघा: छपरावरचा वातकुक्कुट, शंखाची शिट्टी, तोल सांभाळणारं खेळणं, वाळूचं घड्याळ, ओकच्या फळाचा भोवरा. वाटतं, बालवाडीचं पुस्तक उघडलं. आणि स्वरलिपी उघडली तर काळ्याकुट्ट टिपक्यांची पानंच्या पानं! पियानो साथ करत नाही, वृंदाशी झुंजतो. भोवऱ्याच्या गाण्यात भोवऱ्याची गंमत आहे तशी गरगरही आहे, आणि भोवरा कधीतरी आडवा होणार हे गाणाऱ्याला पहिल्या ठोक्यापासून कळत असतं. वाळूचं घड्याळ म्हणजे काय, हे सोळा वर्षांच्या मुलाला सोपं करून सांगायची गरज मियोशींना वाटली नाही. त्यांनी ते त्याच्या तोंडी दिलं.

हीच गोष्ट त्यांनी 1984 साली आणखी टोकाला नेली. 'क्योमोन' ही वाद्यवृंद आणि बालवृंदासाठीची रचना. मधोमध एक मूल डोळे झाकून बसतं, बाकीची भोवती फेर धरून गातात, आणि गाणं थांबलं की पाठीमागे कोण हे बसलेल्याने ओळखायचं, असा एक जुना जपानी खेळ आहे. आपल्या आंधळ्या कोशिंबिरीचा चुलतभाऊ म्हणा. मुलं या रचनेत तेच खेळाचं गाणं गात राहतात, आणि त्यांच्याभोवती वाद्यवृंद खवळत जातो. याआधी मियोशींनी 'रेक्वियम' आणि 'स्तोत्र' या दोन रचना युद्धातल्या मृतांना समोर ठेवून केल्या होत्या, ही तिसरी. युद्ध संपलं तेव्हा ते स्वतः बारा वर्षांचे होते. पाठीमागे कोण उभं आहे, हा प्रश्न त्यांनी मुलांकडूनच विचारून घेतला.

हिरोशिमाही या गळ्यांतून सुटलेलं नाही. 'दाइचि सानशो', म्हणजे धरतीचं स्तवन, हे गाणं माध्यमिक शाळांच्या निरोप समारंभात पिढ्यान्‌पिढ्या गाजतं. घनगंभीर, अंगावर काटा आणणारं, पण तसं आवाक्यातलं. किती जणांना आठवत असेल की ते एका मोठ्या रचनेचा शेवटचा भाग आहे? सातो शिन यांनी 1962 साली, वयाच्या चोविशीत, 'मातीचं गाणं' नावाची सात भागांची रचना केली. शब्द हिरोशिमात जन्मलेल्या ओकी आत्सुओंचे. मधल्या एका भागात अणुस्फोटाची राख पडते. ती राख ओलांडून मग ते स्तवन येतं.

हे सगळं खरं असलं तरी जपानी वृंदरचनेतला सर्वांत खोडकर तुकडा माझ्या मते शिबाता मिनाओंचा. 'ओइवाके-बुशी को', साल 1973. ओइवाके हे घोड्यांवर ओझी लादून डोंगरवाटांनी जाणाऱ्यांचं लांब, तालमुक्त लोकगीत. शिबातांनी काय केलं? पुरुष गायकांना मंचावरून उतरवून प्रेक्षकांत सोडलं. ते खुर्च्यांच्या रांगांमधून चालत ज्याची त्याची ओइवाके गातात. मंचावरच्या स्त्रिया आवाजांचं धुकं पसरतात, मध्येच शाकुहाची ही बांबूची बासरी बोलते. संचालकाच्या हातात काठी नसते, पंखे असतात! प्रत्येक पंख्यावर खूण. तो पंखा वर धरेल त्याप्रमाणे कुणी सुरू करायचं, कुणी थांबायचं. कुठला पंखा कधी, हे तो त्या क्षणी ठरवतो. म्हणजे ही रचना दोनदा सारखी ऐकू येणं शक्यच नाही. तुमच्या खुर्चीच्या उजवीकडून एक घोडेवाला जातो, त्याचा आवाज दूर होतो न होतो तोच मागून दुसरा येतो. सभागृहाचा डोंगर होतो. विद्यार्थ्यांचे वृंदही हे करतात. ज्याला चार स्वर एकत्र गाणं माहीत नव्हतं त्या देशाने शंभरच वर्षांत, एकत्र न गाण्याचीही कला करून दाखवली!

त्याआधी मामिया मिचिओंनी (1929-2024) 1958 साली लोकगीतांतले शब्द बाजूला ठेवून त्यांतल्या फक्त आरोळ्या घेतल्या: ओझं उचलताना, नाचताना दिलेल्या, अर्थ नसलेल्या हाकांवर आख्खी रचना उभी केली. पोरांना ती का आवडते हे सांगायला नकोच.

आता गोव्याला जाऊ. हो, गोव्यालाच. यापुढच्या वृंदरचनेची वाट तिथून सुरू होते.

1548 साली जुन्या गोव्यात एका जपानी माणसाचा बाप्तिस्मा झाला. नाव अंजिरो, गाव कागोशिमा. मायदेशी हातून खून झाला म्हणून तो पळाला होता, मलाक्कात त्याची फ्रान्सिस झेवियर या धर्मप्रसारकाशी गाठ पडली, आणि तो गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकायला आला. पुढच्या वर्षी त्यालाच दुभाष्या म्हणून घेऊन झेवियर गोव्याहून निघाले आणि ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरले. जपानात ख्रिस्ती धर्म पोचला तो असा, मांडवीच्या काठावरून. त्याबरोबर लॅटिन प्रार्थना गेल्या, त्यांच्या चाली गेल्या.

1614 साली तिथे या धर्मावर देशभर बंदी आली. पाद्री हाकलले गेले, मारले गेले. नागासाकी भागातल्या बेटांवर मात्र शेतकरी आणि कोळी लपूनछपून त्या प्रार्थना म्हणत राहिले. पुस्तक जवळ बाळगणं म्हणजे मरण, म्हणून सगळं तोंडी. बापाने मुलाला, मुलाने नातवाला, तेही हलक्या आवाजात. 1873 मध्ये बंदी उठेपर्यंत अडीचशे वर्षं गेली होती. लॅटिन घासून घासून गुळगुळीत झालं होतं. म्हणणाऱ्यांनाही अर्थ लागेना. तरी इकित्सुकी बेटावर काही प्रार्थना सुरावटीसकट शिल्लक होत्या. त्यांना 'ओराशो' म्हणतात.

मिनागावा तात्सुओ या संगीत-इतिहासकाराने (1927-2020) त्या ऐकल्या आणि त्यांच्या मुळाचा माग काढायचा ध्यास घेतला. त्यातल्या एका चालीशी युरोपातल्या प्रसिद्ध ग्रंथांतलं काही जुळेना. तो वर्षानुवर्षं ग्रंथालयं धुंडाळत राहिला, आणि 1982 मध्ये माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सोळाव्या शतकातलं एक स्पॅनिश भजनपुस्तक त्याच्या हाती आलं. त्यात ती चाल होती! स्पेनच्या एका प्रदेशापुरती गायली जाणारी, पुढे तिथेही विसरली गेलेली. जिथे जन्मली तिथे ती मेली होती, आणि जपानी कोळ्यांच्या कुजबुजीत जिवंत होती.

संगीतकार चिहारा हिदेकी यांनी याच ओराशोवर लपलेल्या ख्रिस्ती लोकांच्या तीन गाण्यांची वृंदरचना केली. विनासाथ, दाट आणि गायला जबर कठीण. स्पर्धांमध्ये पसंतीचं गाणं म्हणून ती पुन्हापुन्हा येते. म्हणजे बघा, इबेरियातली एक चाल, गोव्याहून निघालेला धर्म, तोंडी टिकलेल्या अडीचशे वर्षांची झीज, आणि शेवटी स्पर्धेत टाय नीट करून उभी राहिलेली हायस्कूलची मुलं. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकात झेवियरचं शव आजही आहे. तिथे पुढच्या वेळी गेलात तर ही गोष्ट कुणाला तरी जरूर सांगा.

या मुलांची राजधानी कुठली म्हणाल, तर फुकुशिमा. अणुभट्टीमुळे जगाला माहीत झालेला हा प्रांत जपानात त्याच्या कितीतरी आधीपासून गायकवृंदांसाठी ओळखला जातो. तिथल्या कोरियामा शहरातली आसाका रेइमेई ही शाळा, पूर्वीचं मुलींचं आसाका हायस्कूल, 1980च्या दशकापासून दशकानुदशकं राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण घेत आली. अशा शाळा नुसत्या तयार रचना गात नाहीत, संगीतकारांना नव्या लिहायला लावतात. मियोशींचे शिष्य सुझुकी तेरुआकी यांनी फुकुशिमातल्या शाळांसाठी रचनांमागून रचना केल्या. यंदाच्या वृंदात वरच्या आवाजाच्या मुली कणखर आहेत, खालचा गट पातळ आहे, हे बघून कपडे बेतावेत तशी रचना बेतली जाते. तीन वर्षांत त्या मुली शाळा सोडतात. गाणं मात्र छापलं जातं आणि दुसऱ्या टोकाच्या प्रांतातली दुसरी शाळा ते उचलते.

2011च्या मार्चमध्ये त्सुनामी आली तेव्हा याच प्रांतात, मिनामीसोमातल्या ओदाका माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षाला 106 मुलं होती. दोघं वाहून गेली. शाळा अणुभट्टीपासून 20 किलोमीटरच्या आतली, त्यामुळे गाव रिकामं झालं आणि मुलं देशभर पांगली. वर्ग पुन्हा भरला तेव्हा त्या तुकडीत सात जण उरले होते. संगीताच्या बाईंनी नकाशावर पांगलेल्यांचे फोटो लावले आणि मुलं जे बोलली ते टिपून ठेवलं. त्या बोलण्याचं गाणं झालं, 'गुंजो'. नोबुनागांनी ते वृंदासाठी मांडलं. स्वर बघाल तर फार अवघड नाहीत. गाताना आवाज स्थिर ठेवणं अवघड आहे.

सगळंच गोजिरं आहे असं समजू नका. या तालमी सकाळी शाळेआधी, संध्याकाळी, सुट्टीतही चालतात; शिक्षकांचं कंबरडं मोडतं, आणि म्हणूनच सरकार अशी मंडळं हळूहळू शाळेबाहेर काढू पाहतंय. मुलांची संख्या घटतेय. काही पसंतीची गाणी निव्वळ परीक्षकांना दिपवायला लिहिल्यासारखी वाटतात: स्वरांची गर्दी भरपूर, सांगायचं थोडं. उलट बाजूला, अलीकडे माध्यमिक गटाचं नेमलेलं गाणं लोकप्रिय गायकांकडून घ्यायची चाल पडली आहे. 2008 साली अँजेला अकीने पंधरा वर्षांच्या मुलाने मोठेपणीच्या स्वतःला लिहिलेल्या पत्राचं गाणं केलं, ते खरंच सुंदर होतं आणि देशभर पसरलं. नंतरच्या काही वर्षांत मला साखर जरा जास्त झाल्यासारखी वाटते.

ऐकायचं कुठून सुरू करावं? किनोशिता माकिकोंच्या 'तिओचा रात्रीचा प्रवास' या मालेपासून करा. 1983 सालची, विशीतल्या बाईने लिहिलेली, इकेझावा नात्सुकींच्या कवितांवरची. शीर्षकगीताची लय अशी धावते की पाय हलल्याशिवाय राहणार नाही. मग चिहारांची ओराशोवरची रचना, शक्यतो रात्री आणि कानांवर चांगले हेडफोन लावून, म्हणजे खालचे आवाज सापडतील. 'पाच बालचित्रं' मागाहून. पहिल्यांदा ऐकताना सगळं अंगावर येईल, काही कळणार नाही. दुसऱ्यांदा फक्त पियानो ऐका, तिसऱ्यांदा फक्त मुलग्यांची ओळ. ती सापडली की चौथ्यांदा ऐकायला तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.